रातराणीचे तीन रुपये

काकी,

आधीच सांगते, अक्षराला हसू नका. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते मला तेव्हाही नीट कळत नव्हतं. माझ्या ओळी वर चढतात आणि मग खाली उतरतात, आपल्या घाटीच्या वाटेसारख्या. तुम्हाला वाचताना त्रास होईल. पण तोंडाने मला तुमच्याशी कधी पुरतं बोलता आलं नाही, आणि आता तर ते राहिलंच. म्हणून लिहिते. हे कुणाला दाखवणार नाही. ह्यांनाही नाही.

रातराणी पुन्हा कळ्यांवर आली आहे. तिचं काय करायचं ते माझ्याने ठरत नाही, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरायचंही नाही. त्या झाडाबद्दल मला तुमच्या माघारी एक गोष्ट कळली. तेव्हापासून मी तिन्हीसांजेला दार लावून घेते.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर माझंच मला चुकायचं.

लग्न होऊन मी हेदवीहून इथे आले तेव्हा आपल्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता आणि त्याच्या पलीकडे तुम्ही. समुद्राकडचं घर तुमचं, डोंगराकडचं आमचं. मी भांडी घासायला बसले की तुमचं डोकं गडग्यावर दिसायचं.

“काय गो, आज काय केलंस?”

मी मान हलवायची.

“मान हलवलीस. आता ही मान म्हणजे आमटी की पिठलं?”

मला हसू यायचं, पण आवाज यायचा नाही. माहेरी आमच्या घरात सगळे एकदम बोलायचे. त्यात माझी पाळी कधी आलीच नाही, आणि मग सवय राहिली नाही. सासूबाईंना वाटायचं मी गर्विष्ठ आहे. ह्यांना वाटायचं मी दमले आहे. तुम्हाला काय वाटायचं ते मला कळलं नाही, पण तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचात.

मग तो मासळीबाजाराचा दिवस. आपण दोघी निघालो होतो. एसटी स्टँडच्या अलीकडे एक माणूस पत्र्याच्या डब्यांत झाडं घेऊन बसला होता. बहुतेक गुलाबच. एका गंजक्या डब्यात मात्र हातभर काडी आणि तिला चार पानं. “रातराणी,” तो म्हणाला. मी थांबले. मी आपणहून कशापाशी थांबले हे तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात.

“हवी काय तुला?”

मी मान हलवली.

“ही मान होय म्हणाली,” तुम्ही त्याला सांगितलंत. “कितीला?”

“पाच रुपये.”

“काडीचे पाच? चुलीला ह्याच्याहून जाड मला फुकट मिळते.”

तीनवर ठरलं. माझ्या हातात बांगडे घेण्यापुरतेच पैसे होते. तुम्ही कमरेचा निळा बटवा सोडलात आणि तीन रुपये त्याच्या हातावर ठेवलेत. घरी आल्याबरोबर मी पैसे घेऊन गडग्याशी आले, तर हात मागे घेतलात.

“ठेव ते. झाडाचे पैसे परत करायचे नसतात. झाड रुसतं.”

रुसतं म्हणजे काय करतं, ते मला विचारायचं होतं. तुम्हीच सांगितलंत, “वास धरून बसतं मग. देत नाही कुणाला.”

मी पुढेही प्रयत्न केला. तुमच्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून आले, तर दुसऱ्या दिवशी अंबाड्याच्या रायत्याच्या वाटीखाली ते परत. तुमच्या तांदळाच्या डब्यात टाकले, तर माझ्या तांदळात निघाले. शेवटी मी हरले.

झाड कुठे लावायचं ते ह्यांनी ठरवलं. “वारा समुद्राकडून येतो. तेव्हा गडग्याला लागून लाव, वास आपसूक घरात येईल.” मला ते अगदी पटलं. मी तिथे लावलं, शेणखत घातलं, भांड्यांचं पाणी घातलं. ती वाढली. दुसऱ्या वर्षी दसरा झाला आणि तिला हिरव्या-पांढऱ्या कळ्यांचे झुबके आले. मी संध्याकाळचं काम लवकर आटपून पडवीत जाऊन बसले. दिवे लागले. फुलं उमलली, ती मला दिसत होती. वास नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

“फसवलंन त्याने,” हे म्हणाले. “दुसरंच काहीतरी झाड दिलंन.”

मी जाऊन फुलांना नाक लावलं, तर घेरी यावी इतका वास. म्हणजे वास होता, पण आमच्याकडे येत नव्हता. मी तिथेच उभी राहिले, आणि मग माझ्या पदराकडे बघून मला कळलं. पदर तुमच्या घराकडे उडत होता.

आम्ही दोघंही जन्माची किनाऱ्यावरचीच माणसं. थंडीच्या दिवसांत दिवेलागण झाली की वारा फिरतो, डोंगराकडून समुद्राकडे मतलई सुटते, हे पोरंसुद्धा जाणतात. होड्या त्याच वाऱ्यावर बाहेर पडतात. पण आम्ही दिवसाचा वारा बघून संध्याकाळचं झाड लावलं. रातराणीने वासाची कुपी उघडायची आणि नेमकी त्याच वेळी वाऱ्याने आमच्याकडे पाठ करायची. एवढं वाढवलेलं झाड, आणि त्याचा वास कुठे जात होता? तुमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण गंमत अशी की मला एकदम भरून आलं. माझ्याकडचं काहीतरी कुणाकडे जात होतं. मी न बोलता, न मागता, कुणाला न विचारता, माझ्या अंगणातली वस्तू गडगा ओलांडून तुमच्याकडे जात होती. तुम्ही तांदळाचं धुवण टाकायला बाहेर आलात. मी गडग्यावर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं,

“काकी, तुमच्याकडे वास येतो का?”

तुमच्या हातातलं पातेलं तसंच तिरकं राहिलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग म्हणालात,

“येतो गो. देवळात बसल्यासारखं वाटतं.”

त्या संध्याकाळी माझं तोंड उघडलं, काकी. नंतर मी काय काय बोलले तुमच्याशी! गडग्याचा एक दगड माझा आणि एक तुमचा ठरून गेला. दुपार कलली की आपण तिथे. पावसाळ्यात वारा सगळाच समुद्राकडचा, तेव्हा तुमच्या मांडवावरच्या जुईची पाळी. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावायचा नाही, म्हणून तुम्ही चारच्या सुमारालाच कळ्या खुडून केळीच्या पानात बांधून द्यायचात. घट्ट मिटलेल्या, तांदळाच्या दाण्यांसारख्या. मी त्या केळीच्या सोपाच्या दोऱ्यात ओवून केसात माळायची. चुलीपुढे भाकरी थापता थापता त्या माझ्या केसात एकेक करून उमलायच्या. मला दिसायच्या नाहीत. नुसतं मागून कुणीतरी हळूच आल्यासारखं वाटायचं. बाहेर पाऊस, आत धूर, आणि डोक्यामागे तुमची जुई.

दिवाळीनंतर माझी पाळी. अंथरुणाला पाठ टेकली की मला वाटायचं, आता तो वास झाडावरून उतरला, आता गडग्यावर बसला, आता पलीकडे पाय सोडला. आता तुमच्या खिडकीत पोचला. ह्यांच्या घोरण्यातून मला समुद्र ऐकू यायचा, आणि तुमच्या उशाशी माझं काहीतरी आहे या विचाराने मला झोप लागायची. माहेरी असताना लागायची तशी.

आणि आपलं ते भांडण. दर वर्षी दसऱ्याला तुम्ही सुरू करायचात.

“हलव गो ती. तुझं झाड, पाणी तू घालत्येस, आणि वास मी खात्ये? पूर्वेला लाव, परसात.”

“हलवली तर मरेल.”

“मेली तर नवी लाव. पावसात फांदी खोवली तरी जगते ती.”

“असू दे काकी. तुमच्याकडेच जाऊ दे.”

“हट्टी आहेस. न बोलणारी माणसं हट्टी असतात.”

पहिलं फूल उमलायला लागलं की तुम्ही गुडघ्यावर हात देऊन उठायचात. “चल, भात टाकत्ये.” कितीही रंगात आलेली गोष्ट असो, तिथेच तोडायची आणि उठायचं. तुम्ही उठलात की बामाचा वास यायचा. मला वाटायचं, गुडघ्यांना लावता. माझ्या मनात संध्याकाळ म्हणजे अजून तेच, रातराणीचं पहिलं फूल आणि तुमचा बाम.

एकदा तर ती जायचीच होती. पलीकडच्या आळीत कुणाच्या तरी न्हाणीत घोणस निघाली, आणि जो तो सांगायला लागला, रातराणीला जनावर येतं. हे कोयता घेऊन निघाले. मी दारात उभी. नको म्हणायचं होतं, पण ह्यांच्यापुढे माझा आवाज पुन्हा गेला. तर गडग्यापलीकडून तुम्ही.

“काय रे, कोयता कुणावर काढलास?”

“काकी, साप येतो हिच्या वासाला. पोरंबाळं फिरतात.”

“सापाला काय नाक आहे तुझ्यासारखं, फुलं हुंगायला? तो बेडकासाठी येतो. न्हाणीचं पाणी साचवून ठेवलंस ते आधी काढ. बेडूक गेले की जनावर जातं.”

“लोक म्हणतात ना पण…”

“लोक म्हणतात तू बायकोचं ऐकतोस. ऐकतोस काय?”

हे हसले आणि कोयता कोनाड्यात गेला. त्या दिवशी मी ठरवलं की हे झाड मी कधीही हलवणार नाही. काकींना ते एवढं प्रिय आहे.

तुमची शेवटची भेट मला रोज दिसते. तुमच्या मंदाताई चिपळूणहून आल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांची सोय म्हणून तुम्हाला पुढच्या खोलीत आणून निजवलं होतं. मी पेज घेऊन आले. मंदाताई चहा करायला आत गेल्या. दिवे लागायची वेळ. खिडकी बंद. मला वाटलं, आजारपणात कुणी लक्षात ठेवलं नसेल.

“काकी, खिडकी उघडू?”

तुम्ही म्हणालात, “उघड.”

कडी गंजून बसली होती. हाताने हलेना. मी तांब्याच्या बुडाने ठोकली.

“मोडशील गो,” म्हणून हसलात. कडी सुटली, दार करकरलं आणि सगळी रातराणी आत आली. तुम्ही डोळे मिटलेत. माझा हात धरलात.

“आला वास?” मी विचारलं.

“आला.”

तुमच्या उशाशी बामाची बाटली होती. मी ती नीट उभी करून ठेवली. गंजलेली कडी, उशाशी बाम, आणि मी काय बघितलं? काही नाही. मी आनंदात घरी आले.

तेरावं झाल्यावर मंदाताईंनी मला आवराआवर करायला बोलावलं. पुढच्या खोलीतली कॉट हलवायची होती. मी म्हटलं, “काकी रोज इथेच निजायच्या ना? वास येतो म्हणून.”

“कसला वास?”

“रातराणीचा.”

मंदाताई हसायला लागल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. “अगो इंदू, आईला त्या वासाने अर्धशिशी उठायची! लहानपणापासून. आजोळी रातराणी होती, तर ही तिथे वस्तीला राहायची नाही. दसरा झाला की अंथरूण माजघरात न्यायची आणि ही खिडकी लावून टाकायची. मी तिला म्हटलं, मी सांगत्ये इंदूला, त्यात काय एवढं. तर केवढी अंगावर आली माझ्या! म्हणे, खबरदार. त्या पोरीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते त्या झाडाचं. झाड काढायला सांगितलंस तर पुन्हा तोंड शिवून बसेल. डोकं काय, बाम चोळला की उतरतं.”

मी कॉटचा पाय धरून उभी होते. मग तो उचलला, कॉट हलवली, घरी आले.

तेव्हापासून मी मनात तुमच्याशी भांडते आहे. मला आधी लाज वाटली. मग राग आला. सांगायचं होतंत की! आपण एवढं बोलायचो. सांगितलं असतंत तर त्याच दिवशी उपटली असती. जुई होतीच की आपल्याला. मग माझंच मला हळूहळू कळलं, उपटली असती, घरात गेले असते, आणि खरंच पुन्हा तोंड उघडलं नसतं. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत. त्याचाच राग येतो.

दसऱ्याला तुम्ही ‘हलव’ म्हणत होतात ते माझ्यासाठी नव्हतं. मी ‘तुमच्याकडेच जाऊ दे’ म्हटलं की तुमचं डोकं ठणकत असणार, आणि तुम्ही म्हणत होतात, हट्टी आहेस. आणि ह्यांचा कोयता! तुम्ही गप्प बसला असतात तर सुटला असतात. एक शब्द बोलायची गरज नव्हती. तिथेही बोललात.

मग मला भीती वाटली. आणखी काय काय सोसलंत माझं? माझी आमटी तरी आवडायची का खरोखर? मी एकेक आठवत बसले. आमटीला तुम्ही म्हणायचात, “मीठ कमी घाल गो, समुद्र जवळ आहे म्हणून काय झालं?” माझ्या नव्या लुगड्याला म्हणालात, “रंग भडक आहे.” माझ्या भावाला तोंडावर आळशी म्हणालात. तुम्ही कुणाची भीड ठेवणाऱ्या नव्हतात. सगळं खरंच बोलायचात. खोटं बोललात ते एकच, आणि ते मी पहिल्यांदा विचारलं म्हणून.

म्हणजे उमलायच्या वेळेपर्यंत गडग्यावर बसायचात, त्या बसण्यात काही खोटं नव्हतं ना? मला एवढंच कळायला हवं. बाकी डोकेदुखीचा हिशोब माझ्याने होणार नाही.

पण झाडाचं काय करू? ठेवावं तर रोज संध्याकाळी तो वास तुमच्या खिडकीशी जातो. तोडावं तर ते तुम्ही कोयत्यापासून वाचवलेलं आहे. त्याला मी हात कसा लावू? सांगा.

इथवर काल लिहून वही मिटली होती.

आज सकाळी मंदाताई निघाल्या. घराला कुलूप, आळीच्या तोंडाशी रिक्षा. मी रात्रभर विचार केला नव्हता, पण उठले तेव्हा मनात ठरलेलं होतं. मी कपाटातून एक दोनची नोट आणि एक रुपयाचं नाणं घेतलं. गडग्यावरून हाक मारली नाही. रस्त्याने वळसा घालून पुढच्या दारी गेले.

“मंदाताई, हे काकींचे.”

“कसले गो?”

“झाडाचे.”

आणि मग मी सगळं सांगितलं. तो पत्र्याचा डबा, पाच रुपयांची काडी, तांदळाचे डबे, पदर, कोयता, तांब्याने ठोकलेली कडी. मी इतकं सलग कुणापुढे बोललेली नाही, तुमच्यापुढेसुद्धा नाही. रिक्षावाल्याने दोनदा भोंगा वाजवला. मंदाताई आधी हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या, मग पुन्हा हसल्या.

“म्हणजे तिची डोकेदुखी तिनेच विकत आणलीन!”

“होय.”

“आणि तिने घेतले नाहीत ते मी कसे घेऊ? झाड रुसेल तुझं.”

“रुसू दे,” मी म्हटलं. “म्हणूनच देत्ये. वास धरून बसू दे तिला आता. काकींच्या खिडकीशी जायला नको.”

मंदाताई माझ्याकडे बघत राहिल्या. अगदी तुमच्यासारख्या, ते तिरकं पातेलं हातात असल्यासारख्या. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि तुमचा निळा बटवा काढला. त्याची नाडी सोडली. नोट घडी करून आत ठेवली, तिच्यावर नाणं ठेवलं आणि नाडी ओढली.

काकी, तुमचे तीन रुपये फिटले.